क्रमांक एक आणि वारासिवनीच्या विहीणबाई

३ फेब्रुवारी
अल्बम अजून क्र. १ वरच. दात घासायच्या आधी पाहिले. मराठी लोकगीतांच्या ऑनलाइन यादीत आमच्या वर कोणी नाही, खाली मुंबई-पुण्याच्या कंपन्या. आमची कंपनी म्हणजे बालाघाटच्या घरातली आईची खोली, भिंतींना टांगलेल्या गोधड्या आणि माझ्या मंडप-साउंडच्या धंद्यातला त्यातल्या त्यात चांगला माइक. 'मांडवाखालच्या बाया' हे नाव मी ठेवले. गाण्यांची सगळी नावे शुद्ध लिहिली आहेत ना, पुन्हा तपासले. आहेत.
आईबरोबर गाणाऱ्या सुमनकाकू भरवेलीहून आल्या, दारातूनच ओरडत, "अबे, खदानीतले पोट्टेही आपलंच गानं लावून राह्यले! आता मी भांडे नाही घासत." आई हसली. कितीतरी दिवसांनी असे मोकळे.

४ फेब्रुवारी
क्र. १.
सर्वांत जास्त वाजते ते शिव्यांचे गाणे. लग्नाच्या पंगतीत मुलीकडच्या बायका विहिणीला गातात ते. त्यात विहिणीचे नाव घालायचेच असते. रेकॉर्डिंगला आई तिथेच अडत होती. "नावाबिना तोंडातून निघतच नाही रे." मग डोळे मिटून एका दमात म्हटले—
कौसल्याबाई जेवाले बसली,
पंगत उठली, थे नाही उठली.
मी तेव्हा श्वास तपासले, पंख्याची घरघर तपासली. नाव कोणाचे आहे हे डोक्यातच आले नाही. कौसल्याबाई म्हणजे माझ्या बहिणीची, रेखाताईची, खरी सासू, वारासिवनीची. आज ताईचा फोन आला तेव्हा उमगले. तिकडे राइस मिलवर, बाजारात, लोक ताईच्या सासऱ्यांना विचारतात, "क्यों भाई, पंगत उठी कि नहीं?" सासूबाई दोन दिवस ताईशी बोलल्या नाहीत. ताईला सातवा. पहिले बाळंतपण, माहेरी आणायचे ठरलेले. आता म्हणतात, घ्यायला येऊ नका.

५ फेब्रुवारी
एकच गाणे काढता येत नाही. पूर्ण अल्बम उतरवून नव्याने टाकावा लागतो. म्हणजे यादीतून गेलोच.
आई लगेच म्हणाली, "काढून टाक. पोरीपरीस गानं मोठं हाये का?" मग चुलीकडे तोंड करून, "सांजपर्यंत थांब. सुमनच्या ननंदा आज ऐकनार होत्या."
सांज झाली. तिने विचारले नाही, मीही नाही. खरे तर मलाही काढवत नव्हते. हे इथेच लिहितो.

७ फेब्रुवारी
वारासिवनीला गेलो. कौसल्यामावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.
"ये, बस. पंगत उठली नाही अजून."
दिलेले पाणी प्यायलो. म्हणालो, "मावशी, गाणं काढून टाकतो."
"काहून? लोक म्हनतील, कौसल्या रडली."
"मग काय करू?"
सूप खाली ठेवले. "रेखाच्या लग्नात आमच्या बायांनी जवाब देल्ला होता का नाही? तुह्या अल्बमात एकाच बाजूचा मांडव हाये. आमच्या बाया कुठं हायेत?"
खरेच होते. आमच्याकडे शिवी बिनउत्तराची ठेवतच नाहीत. उत्तर द्यायला मिळाले नाही, तर ऐकणाऱ्याचा अपमान होतो. खोलीत आमच्याच बायका होत्या, म्हणून आमचेच गाणे रेकॉर्ड झाले.
"मी गाईन. तुह्या आईनं समोर बसून ऐकावं. मंग रेखाले माहेरी ठेवीन. तोवर नाही."
ताई दाराआड उभी. हात पोटावर.

८ फेब्रुवारी
आई, "माह्या खोलीत, माह्याच माइकवर, मलेच शिव्या? मोठी आली!"
सुमनकाकू, "तूच सुरू केलतं."
"तू चूप राह्य."
आज क्र. २. सांगितले तर आईचे लक्षच नव्हते. रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाली, "त्याइले सांग, जेवूनच जा म्हनाव."

१० फेब्रुवारी
ऑटोने आल्या. कौसल्यामावशी, त्यांच्या दोन जावा, आणि ताई. ताईची बॅग मावशींच्याच हातात. मावशी खाली बसल्या, बॅग मांडीवर घेतली. मी म्हणालो, "बाजूला ठेवा, चेनचा आवाज येतो." म्हणाल्या, "राहू दे." मी रेकॉर्डिंग सुरू केले. मावशींचा आवाज जरा खरखरीत पण पक्का.
बालाघाटची इहीन लई गानारी,
भाजीत मीठ टाकाले इसरनारी.
लग्नात वांग्याची भाजी अळणी होती हे खरेच. ताई पोट धरून हसली. सुमनकाकू तर लोळल्याच. आई हसली नाही. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकले.
"पुन्हा लाव."
लावले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, ताई माझ्या. आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
"सूर चांगला हाये इहीनबाईचा. पन मिठाच्या कडव्याले माह्याजवळ जवाब हाये."
मावशी जागच्या हलल्या नाहीत. "म्हन ना मंग."
मी माइक आईकडे वळवला. बॅग अजून मावशींच्या मांडीवरच.