पाळायचं की पाहायचं

आई, परवा नववीच्या वर्गात ग्रहण शिकवलं. तुझ्याच पद्धतीनं: बल्ब म्हणजे सूर्य, नारळ पृथ्वी, लिंबू चंद्र. लिंबू नारळाच्या सावलीतून नेलं, मग जरा वरून, जरा खालून फिरवलं. चंद्राची वाट तिरकी, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. मी विचारलेलं सगळं मुलांनी बरोबर सांगितलं. सगळी उत्तरं बरोबर आली की मला संशय येतो. म्हणून विचारलं, "आज संध्याकाळी चंद्र ग्रहणातच उगवणार आहे. घरी काय करतात?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मम्मी बोलली डब्यात तुळशीचं पान टाक." "टाकलंस?" "टाकलं ना! मम्मीशी कोण पंगा घेणार?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि तुझं वाक्य म्हणालो, "ग्रहण पाळायचं नसतं, पाहायचं असतं." ते वाक्य म्हणताना माझा आवाज दरवेळी जरा खोटा लागतो.

कारण मी तुला पाहिलंय. मी पहिलीत आहे, बहीण तुझ्या पोटात. घाटकोपरच्या चाळीच्या गच्चीवरून मी धावत खाली येतो. तू आतल्या खोलीत सतरंजीवर उताणी पडलीयस, हात सरळ, बोटंसुद्धा न वाकवता, डोळे उघडे. "आई, चल ना, अर्धा खाल्ला चंद्र!" तू म्हणतेस, "तू नीट बघ आणि मला येऊन सांग." दारात आत्या. "याच्या वेळी ग्रहणात विळीवर बसलीस तेवढं पुरे झालं," ती म्हणते आणि माझ्या डाव्या कानाकडे बघते. त्या कानाची कड जन्मापासून तुटल्यासारखी आहे.

पुढे नववीत मी तुझ्याच वर्गात होतो. ते वाक्य म्हणताना तू माझ्याकडे पाहिलंस आणि लगेच फळ्याकडे वळलीस. घरी विचारलं, मग तेव्हा का पडून होतीस? तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "आत्याच्या जिवाला घोर नको म्हणून रे." उत्तर बरोबर होतं. मला पटलं नाही. बहीण झाल्यावर तू आधी तिचे कान चाचपलेस, असं आत्या सांगायची. आत्याचं किती खरं मानायचं, हेही मला कधी ठरवता आलं नाही. तू वर्गात एक शिकवायचीस आणि आत दुसरंच धरून होतीस का? असेल, तर मी इतकी वर्षं मुलांना काय देतोय?

परवा शाळा सुटल्यावर मुलांना गच्चीवर न्यायचं होतं. दुर्बीण आमच्या विज्ञानाच्या मॅडमकडे. त्यांना सातवा महिना चालू आहे. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही घरी जा, मी बघतो."

"का हो? तुम्ही मानता हे?"

"छे! सासूबाईंना उगाच घोर लागेल, म्हणून."

"माझ्या सासूबाईंना? अहो, त्याच येतायत बघायला. खाली गेटवर पोचल्यासुद्धा."

आल्या त्या, मुलांच्या आधी दुर्बिणीला डोळा लावून उभ्या राहिल्या. खाडीच्या बाजूनं चंद्र वर आला, कडेला खाल्लेला. मुलं ओरडत होती. मला मात्र चंद्र नीट आठवत नाही, मी मॅडमच्या हातांकडे बघत होतो. मग उकाड्यानं सगळे हैराण झाल्यावर, ग्रहण सुटायच्या आतच, मॅडमनी वर्गातलं ते लिंबू काढलं. "सर, तुमचा चंद्र कापते, सरबत करू." शिपाईमामांनी सुरी आणून दिली. मी ती जवळजवळ हिसकावून घेतली. "द्या, मी कापतो. तुम्ही बसा."

"किती काळजी घेतात बघ सर," सासूबाई म्हणाल्या.

आई, तुला विचारायचं होतं ते आता विचारत नाही. हे पत्र वहीतच राहील. एवढंच लिहून ठेवतो: सुरी मी काळजीनं घेतली नव्हती. आणि लिंबू कापण्याआधी मी माझ्या डाव्या कानाची कड चाचपली होती.