प्लास्टर रूमच्या तेवीस चिठ्ठ्या

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

चि. ठकीस,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघी इकडे बऱ्या आहोत, तूही बरी असशील असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं चाला म्हटलंय, तर ती खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते आणि दर फेरीला मला विचारते, "झाली का गं वीस?" तुझ्या शाळेचं काय? सातवीचा वर्ग तुझ्याकडेच राहिला, की त्या नव्या सरांच्या गळ्यात पडला?

पत्र बघून दचकली असशील. फोन असताना ताईला कागद कुठून सुचला! अगं, फोनवर तू दोन मिनिटांत "ठेवते गं, भाजी करपतेय" म्हणतेस. मला जे सांगायचंय ते भाजी करपायच्या आत संपणारं नाही.

आधी दवाखान्याची बातमी सांगते. मागच्या वर्षी आमच्याकडच्या अकरा नर्सबाया सोडून गेल्या. साठ खाटांचा दवाखाना, त्यात अकरा म्हणजे कंबरडंच मोडलं. उरलेल्या डबल ड्यूटी करून लाल डोळ्यांनी फिरायच्या आणि पेशंटवर खेकसायच्या. तेवढ्यात नव्या सुपरिंटेंडेंट आल्या. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणतो, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात तरी. पहिला महिनाभर त्या केबिनमध्ये बसल्याच नाहीत. धोबीखान्यापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत प्रत्येकाला गाठून दोनच प्रश्न: "इथलं कोणतं काम तुम्हाला आवडतं? आणि त्यात आडवं काय येतं?"

माझ्या केसपेपरच्या खिडकीशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "आडवं काही येत नाही मॅडम, ही खुर्चीच अधूनमधून आडवी होते." आठवड्यात नवी खुर्ची हजर! मी तर गारच पडले.

मग त्यांनी चिठ्ठीपेटी ठेवली. कोणाचं काम मनाला लागलं तर पेशंटनं किंवा आपल्यातल्याच कोणी दोन ओळी लिहून टाकायच्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर त्या वाचायच्या आणि ज्याची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची. "कौतुकानं काय पोट भरतं?" असं मेट्रनबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. त्यांची स्वतःची चिठ्ठी आली तेव्हा मात्र भिंतीकडे तोंड करून चारदा वाचली आणि आम्हाला सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलं.

पेटीची किल्ली माझ्याकडे आली. उघडायची मी, लावायच्या मी, वाचायच्याही मी. माझं अक्षर बरं आणि आवाज खणखणीत. बावीस वर्षं खिडकीमागून नावं पुकारल्यावर दुसरं काय होणार!

आमचे धोबीमामा तुला आठवत असतील, कोणाशी फारसं न बोलणारे. त्यांना एक चिठ्ठी आली: "ऑपरेशननंतर मी थंडीनं कुडकुडत होतो. अंगावर घातलेली चादर स्वच्छ होती आणि ऊबदार होती. ज्यांनी धुतली त्यांना नमस्कार." मामा दुपारी खिडकीशी आले. म्हणाले, "परत वाचा." मी वाचली. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा ऐकल्यावर घडी खिशात ठेवत म्हणाले, "एकोणीस वर्षं चादरी धुतोय. त्या अंगावर घेणारं कोणीतरी असतं, हे आज कळलं."

तर असं. गेल्या नऊ महिन्यांत फक्त दोघीजणी गेल्या, त्यातली एक लग्न होऊन.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा आईला पाणी द्यायला, एकदा उगाच.

ठके, तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी विषय काढला नाही. ते अजून आमच्याच दवाखान्यात आहेत, प्लास्टर रूममध्येच. तुमचं मोडल्यापासून त्यांचं नाव आपल्या घरात निघालेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. दवाखान्यात त्यांना सगळे प्लास्टरमास्तर म्हणतात. मीही तेच म्हणते.

पहिल्याच महिन्यात पेटीतून त्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली. कोण्या म्हातारबाईंनी डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं सगळी लवंडलेली. "हात मोडला तेव्हा वाटलं, आता सुनेला माझं ओझं. मास्तरांनी प्लास्टर घालता घालता एका हातानं पदर कसा खोचायचा आणि केस कसे बांधायचे ते शिकवलं. घरी येऊन करून दाखवलं तर सून हसली." मी ती वाचली, घडी घातली आणि खणात जुन्या रजिस्टरांखाली सारून दिली.

का, ते मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं: माझ्या बहिणीला नको त्या वेळी ज्यानं एकटं ठेवलं, त्याचं कौतुक माझ्या तोंडून? जिभेला हाड नाही म्हणून काय झालं! पुढच्या महिन्यात दोन आल्या. त्याही तिथेच गेल्या. मग सवयच पडली. पेटी उघडली की आधी त्यांच्या वेगळ्या काढायच्या.

दर सोमवारी ते सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या फिल्टरपाशी उभे राहायचे. हात धुतले तरी नखांच्या कडेला पांढरं राहिलेलंच. प्रत्येकासाठी टाळ्या वाजवायचे. शेवटची चिठ्ठी वाचून झाली की मान खाली घालून आपल्या खोलीकडे निघायचे. मी समोर उभी असायचे, मला सगळं दिसायचं.

जानेवारीच्या शेवटी मोठ्या मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"मास्तरांनी राजीनामा दिलाय," त्या म्हणाल्या. "मी कारण विचारलं. म्हणाले, आता माझी इथे तशी गरज दिसत नाही. हे काय बोलणं झालं? दिवसाला वीस-पंचवीस पेशंट बघतात. आणि मला एक सांगा, नऊ महिन्यांत त्यांना एकसुद्धा चिठ्ठी कशी नाही?"

मी म्हटलं, "बघते."

काय बघायचं होतं? खणातल्या मोजल्या. तेवीस भरल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रबरबँड लावून प्लास्टर रूममध्ये घेऊन गेले. ते बादली विसळत होते. मी म्हटलं, "मास्तर, हे तुमचं आहे. माझ्याकडे राहिलं होतं."

त्यांनी हात पुसले. वरची एक वाचली, मग दुसरी. बाकीच्या तशाच ठेवल्या. म्हणाले, "एक पेशंट सांगत होता खरा, की तुमच्यावर दोनदा लिहून टाकलं."

"मग मला विचारलं का नाही?"

त्यावर ते जे बोलले ते आज लिहवत नाही. आई हाक मारतेय.

मंगळवार, दुपारी

पत्र दोन दिवस उशीखाली होतं. आत्ता पुन्हा वाचलं. वाटलं, इथेच थांबवावं आणि पाकीट चिकटवावं. तू म्हणशील, बरं केलंस ताई, माझ्यासाठी केलंस. तसं म्हणशील याचीच भीती वाटते. म्हणून पुढे लिहिते.

ते म्हणाले, "काय विचारायचं, ताई? तेव्हाही तुम्ही निरोप उशिरा दिला होतात. तेव्हा तरी मी कुठे विचारलं?"

रागानं नाही म्हणाले. बादली पालथी घालत म्हणाले.

ठके, तो दिवस तुला मी आठवण करून द्यायला नको. तुला सातवा महिना होता. प्लास्टर रूममध्ये मोबाइल चालायचा नाही, म्हणून तू माझ्या खिडकीच्या नंबरवर फोन केलास. सव्वातीन वाजले होते. "ताई, मला बरं वाटत नाहीये. शेजारच्या काकू प्रसूतिगृहात नेतायत. ह्यांना लगेच पाठव." मी म्हटलं, "आत्ता पाठवते, तू घाबरू नकोस."

फोन ठेवला. तो बस उलटल्याचा दिवस होता. खिडकीबाहेर तीस-पस्तीस माणसं, रक्तानं भरलेली, कोणाचं नाव माहीत, कोणाचं नाही. एका बाईनं जाळीतून हात घालून माझं मनगट धरलं, "माझा भाऊ लिहा आधी, माझा भाऊ लिहा." मी लिहिला. मग पुढचा. प्लास्टर रूम माझ्यापासून तीस पावलांवर होती. मी उठले नाही. आणि मग ते माझ्या डोक्यातून गेलंच. गर्दीमुळे उठता आलं नाही असं नव्हे, मी विसरले. सख्ख्या बहिणीचा निरोप मी विसरले.

पाच वाजून गेल्यावर पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि आठवलं. धावत गेले. ते एका माणसाच्या पायाशी बसले होते. ऐकल्याबरोबर तसेच उठले, हात न धुता. दारातून विचारलं, "फोन कधी आला होता?" मी म्हटलं, "मगाशीच."

ते पोचले तेव्हा सगळं झालं होतं. डॉक्टरीण म्हणाली होती की कोणी लवकर येऊनही बाळ वाचलं नसतं. पण तू त्या खोलीत दोन तास एकटी होतीस. महिनाभरानं तू मला विचारलंस, "ताई, तू त्यांना निरोप दिला होतास ना?" आणि मी म्हटलं, "हो, दिला होता की." तू पुढे काही विचारलं नाहीस. माझ्यावर इतका विश्वास होता तुझा. त्या दिवसापासून तू धरून चाललीस की निरोप मिळूनही ते प्लास्टरं घालत बसले.

मी मास्तरांना विचारलं, "तुम्हाला वेळ कळली होती?"

"त्याच दिवशी. ती सारखी म्हणत होती, सव्वातीनला फोन केला, सव्वातीनला फोन केला."

"मग तिला सांगितलं का नाही?"

त्यांनी पालथी बादली कडेला सरकवली. "तेव्हा तिच्याजवळ तुम्हीच होतात ना. तिला उठवत होतात, जेवू घालत होतात. मी सांगितलं असतं तर ती तुमच्या हातचं जेवली असती का?" मग म्हणाले, "नंतर सांगायचं होतं. पण मला बोलायला जमेना. काहीच बोलायला जमेना."

त्यांचा दोषच नव्हता असं मी म्हणत नाही. पुढची दोन वर्षं ते घरात दगडासारखे बसून असायचे आणि तू भिंतीशी बोलावं तशी बोलायचीस, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा हिशेब तुमच्या दोघांचा. पण त्याच्या मुळाशी माझं खोटं होतं, आणि ते मी तुमच्या घटस्फोटाच्या कागदावर सह्या झाल्या तेव्हाही गिळून बसले. चिठ्ठ्या मी तुझ्यासाठी लपवल्या नाहीत गं. ते वाईट आहेत असं सगळ्यांना वाटत राहायला हवं होतं, मला तर सगळ्यात आधी. ते चांगले निघाले असते तर मी कोण ठरले असते?

मॅडमना मी त्याच दुपारी चिठ्ठ्यांचं सांगितलं. राजीनामा देऊ का, विचारलं. त्या म्हणाल्या, "एक जातोय तेवढा पुरे. सोमवारी उभ्या राहा आणि सगळ्या वाचा. कुठे होत्या तेही तुम्हीच सांगा. त्यानंतर किल्ली मेट्रनबाईंकडे द्या."

तीन तारखेच्या सोमवारी उभी राहिले. म्हटलं, "या तेवीस चिठ्ठ्या प्लास्टरमास्तरांच्या आहेत. नऊ महिने मी दडवून ठेवल्या होत्या. घरचं जुनं होतं, त्यांची चूक नव्हती." मग वाचायला लागले. एका ट्रक ड्रायव्हरनं लिहिलं होतं की प्लास्टर कापताना मी डोळे मिटून ओरडत होतो, मास्तर म्हणाले, साहेब, अजून मशीन सुरूच केलेलं नाही. सगळे हसले. एका आईनं लिहिलं होतं की माझ्या मुलीच्या आधी तिच्या बाहुलीला प्लास्टर घातलं, मग तिनं आपणहून पाय पुढे केला. ती वाचताना माझा आवाज फुटला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. धोबीमामांनी पाण्याचा पेला आणून हातात दिला.

नववी-दहावी चिठ्ठी झाली असेल, मास्तरांनी मागून हात वर केला. "ताई, पुरे. बाहेर पेशंट थांबलेत."

पण कोणी जागचं हललं नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, "थांबू देत. वाचा हो तुम्ही." तेवीसच्या तेवीस वाचल्या. ते फिल्टरपाशीच उभे होते, भिंतीला टेकून, चेहऱ्यावरून हात फिरवत. गालाला पांढरं लागलं.

बुधवारी त्यांनी राजीनामा मागे घेतला. कारण म्हणून एवढंच लिहिलंय, "काम आहे."

माझ्याशी दवाखान्यात काही जण बोलत नाहीत. बरोबरच आहे. खुर्ची मात्र मॅडमनी परत नेलेली नाही.

मास्तरांना मी विचारलं, ठकीला लिहू का? म्हणाले, "तो तुम्हा बहिणींचा प्रश्न. पण माझ्यासाठी म्हणून लिहू नका." म्हणून सांगते, हे त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. तू त्यांच्याशी बोलावंस असंही माझं म्हणणं नाही. ज्याच्यावर रागवायचं, तो माणूस तुला बरोबर माहीत असावा, एवढंच.

सुट्टीत तू आईला भेटायला येणार होतीस. ये. मी समोर नको असेन तर तेवढे दिवस मी मैत्रिणीकडे राहीन, तिच्याशी बोलून ठेवलंय. आईला यातलं काही ठाऊक नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी ऐकेन. उत्तरात शिव्या लिहिल्यास तरी चालतील, फक्त "जाऊ दे ताई" एवढं लिहू नकोस.

पत्राच्या शेवटी आजवर "तुझी ताई" असं लिहीत आले. आज पहिला शब्द लिहायला हात धजत नाही. तो तू म्हणशील तेव्हा लिहीन.

ताई