मागे घेतलेला अर्ज

बॉडमिन, ४ मे १६२९

श्री. अॅम्ब्रोज यांस, सा. न. वि. वि.

राजानं तुम्हाला टॉवरच्या तुरुंगात घातल्याला दोन महिने झाले. ग्रेसचं लग्न एक जूनला ठरलंय आणि बापाशिवाय चर्चची पायरी चढणार नाही म्हणून ती अडून बसलीय. हट्ट कुणाचा घेतलाय, ते मी सांगायला नको. राजाचा इथला अधिकारी, आपला शेरीफ म्हणाला, माफीचा अर्ज गेला तर राजा लगेच सोडील. तुम्ही काही लिहिणार नाही. म्हणून पार्लमेंटात नवरा राजाविरुद्ध भलतं बोलला, पुन्हा बोलणार नाही, असं मीच लिहून सही करून दिलं. महिनाअखेर तो कागद लंडनला जाईल. रागवा खुशाल, पण घरी येऊन रागवा.

माया आहेच, वाढवायला या.

तुमची थॉमसिन

टॉवर, लंडन, १३ मे

सौ. थॉमसिन हीस, अ. उ. आ.

तुझं अक्षर बघून आनंद झाला, मजकूर वाचून डोकं फिरलं. खोकला आहे, पण मी मरत नाही. अगं, सभागृहात बोललेल्याचा जाब सभागृहानं विचारावा, राजानं नव्हे. मी माफी मागून सुटलो, तर उद्या आपल्या गावचा जो कोणी तिथं बोलायला उठेल, तो आधी दाराकडे बघेल, राजाचे शिपाई उभे आहेत का म्हणून. अर्ज मागे घे. पोरीच्या लग्नात मी नसेन, हे लिहिताना जीव तुटतो. तरी घे.

रागातही लोभ राहू दे.

तुझा अॅम्ब्रोज

बॉडमिन, २ जून

श्री. अॅम्ब्रोज यांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, दोन दिवस भांडी आपटत राहिले. मग घोडीवर खोगीर घातलं. शेरीफ हसला, म्हणाला, बाई, नवरा आयता सुटतोय, घरी जाऊन मेजवानीचं बघा. मी म्हटलं, सही माझी, कागद माझा. देईना, तेव्हा त्याच्या दारातच बसले. बाजारचा दिवस होता. तुम्हाला निवडून देणारा तो तिरसट खाटीक सुऱ्या टाकून शेजारी येऊन बसला, मग आणखी पाचदहा जण. दुपारी कागद मिळाला. शेरीफच्याच चुलीत घातला.

ग्रेसला सगळं सांगितलं. रडली, मग उठून केस विंचरायला लागली. काल ती एकटीच चालत वेदीपाशी गेली. पाद्र्यानं रीतीप्रमाणे विचारलं, की ही मुलगी कोण देतंय. मी तोंड उघडायच्या आत तिनंच खणखणीत सांगितलं, की वडील देताहेत, आणि सभागृहात मनातलं बोलले म्हणून ते राजाच्या तुरुंगात आहेत. शेरीफ पहिल्याच बाकावर होता.

खोकल्याला मध घ्या. घरी या म्हणून आता लिहिणार नाही. माया मात्र पातळ होऊ देऊ नका.

तुमचीच थॉमसिन