कॉलरवरची सेफ्टी पिन

३० जानेवारी, शुक्रवार
वर्ध्याच्या ऑफिसात कुष्ठरोग जनजागृतीचा कार्यक्रम. सुरभी मॅडमनी सगळ्यांना सेफ्टी पिन वाटल्या. कॉलरला लावायची. अर्थ असा, की ज्यांना लोक दूर लोटतात त्यांनी बिनधास्त माझ्याजवळ यावं. बऱ्या झालेल्या काही बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या धुरपताबाईंना पिनचा अर्थ मीच समजावून सांगितला. बोटं आखूड झालेली, हसणं मोकळं. भाषणही मीच केलं. पिन आता कायम. झोपतानासुद्धा.

३१ जानेवारी
झोपेत टोचली. दिवसाच लावणार.

२ फेब्रुवारी
बसमध्ये एकाने विचारलं, बटन तुटलं का. त्याला देवळीपर्यंत समजावलं. तो झोपला.

३ फेब्रुवारी, सायं. ७.३०
परतीच्या पुलगाव बसमध्ये धुरपताबाई चढल्या. पिन पाहून सरळ माझ्याकडे आल्या. शेजारची सीट रिकामी.
"भाऊ, बसू का इथं?"
मी म्हटलं, "इथं मानूस येऊन राह्यला."
माणूस कोणीच नव्हता. सीटवर डबा ठेवला. बाई मनगटाने दांडा धरून पुलगावपर्यंत उभ्या.
भीतीमुळे नाही. बऱ्या झालेल्या माणसापासून लागण होत नाही, हे भाषणात मीच सांगितलं. दमलो होतो, बस.

४ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. ज्योत्स्नाने विचारलं, "काऊन असे गप बसून राह्यले?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्याईले माफी मांगा. मले काऊन सांगता?" बायकोचा स्वभावच तुटक. तरी उद्या माफी नक्की. वाक्य पाठ केलं: बाई, माझी चूक झाली.

५ फेब्रुवारी
बाई बसमध्ये नव्हत्या. हलकं वाटलं. हलकं वाटलं याचं मग वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, सायं. ८.३०
बस खचाखच. धुरपताबाई खिडकीपाशी. शेजारची सीट रिकामी, लोक उभे, पण तिथं कोणी बसेना. मला पाहून त्या आणखी सरकल्या.
"या भाऊ, बसा. इथं कोनी येत नाई."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाठ केलेलं वाक्य आलंच नाही. म्हणालो, "नाई, मले पुढंच उतराचं हाये."
गर्दीत मी दारापर्यंत पोहोचणार नाही, असं बाईंना वाटलं. त्यांनीच कंडक्टरला हाक मारली, "गाडी थांबवजो बापू, भाऊले उतराचं हाये." लोकांना बाजूला व्हायला सांगितलं.
देवळीच्या पुढे, शेताजवळच्या फाट्यावर उतरलो. बाईंनी खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.
पुढची गाडी तासाभराने आली.