डावीकडे कलणारं विमान

अहो,

शेवटी पत्र लिहायची वेळ आणलीतच. तुम्ही होता तेव्हा मला साधी चिठ्ठीसुद्धा लिहावी लागली नाही. जे सांगायचं ते स्वयंपाकघरातून ओरडून सांगता यायचं. आता ओरडले तर शेजारचे लोक मुलीला फोन करतील, आणि ती मला डॉक्टरकडे नेईल. म्हणून कागद घेतला. उद्या खंडेनवमी आहे, आणि आज सकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावर जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय उद्याची पूजा माझ्या हातून व्हायची नाही.

मुळापासून सांगते. माहीत असलेलंही सांगते, कारण तुम्ही माझं नेहमी अर्धंच ऐकायचात.

विषय तुमच्या त्या दांड्याचा. त्याला जॉयस्टिक म्हणतात, असं तुम्ही मला तीनदा सुनावलं होतंत. मी दांडाच म्हणणार. सदुसष्टाव्या वर्षी माणसं गुडघे सांभाळतात, फार तर भजनी मंडळात जातात. तुम्ही संगणकावर विमान उडवायला निघालात. गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी बुधवार पेठेतून तो खोका स्कूटरवर पायांत ठेवून आणलात, आणि घरात घट बसलेत याचं भान न ठेवता टेबलावर तारा पसरून बसलात. मी विचारलं, "हे कोणासाठी?" तुम्ही म्हणालात, "माझ्यासाठी." किती शांतपणे म्हणालात! लाज वाटायला हवी होती, असं मला तेव्हा वाटलं. खरं सांगू? अजूनही थोडं वाटतं.

विमानाचं वेड तुम्हाला कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. खडकीच्या क्वार्टर्सवरून लोहगावला उतरणारं प्रत्येक विमान तुम्ही मान वर करून बघायचात, हातातली पिशवी कलती होऊन बटाटे रस्त्यावर सांडेपर्यंत. आणि आयुष्यात आपण विमानात बसलो एकदाच, दिल्लीला जाताना. खिडकीची जागा मी घेतली आणि विमान सुटायच्या आत झोपले. उतरताना जाग आली तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून मान लांब करून बाहेर बघत होतात. मला उठवायचं होतं ना? पण उठवलं असतंत तर मी काय बोलले असते, तेही तुम्हाला माहीत होतं.

तर तो दांडा. पहिले आठ दिवस तुमचं विमान व्यवस्थित उडत होतं, हे मला मान्य करावं लागेल. लोहगावच्या धावपट्टीवर तुम्ही ते रोज उतरवायचात आणि मला बोलवायचात. मी यायची नाही. एकदा आले, तर म्हणाले, "छान. आता खाली उतरलाच आहात तर दळण घेऊन या." तुम्ही गेलात.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी शिलाई मशीन, विळी, स्कूटर, तुमचा जुना मायक्रोमीटर, सगळं पाटावर किंवा पाटाशेजारी मांडून पूजा होते. मी म्हटलं, घरात नवं यंत्र आलंय तर तेही मांडा. तुम्ही मांडलंत. पण मी अक्षता घेतल्या तेव्हा माझा हात धरलात आणि म्हणालात, "याच्यावर नको. आमच्या खात्यात मापाच्या वस्तूवर अक्षता टाकत नाहीत. बाजूला एक फूल ठेवतात. बास."

चौतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मापं तपासलीत तुम्ही. केसाच्या दहाव्या भागाचा फरक बोटांना कळायचा, असं तुम्ही म्हणायचात आणि तुमच्या खात्यातले इक्बालभाईही म्हणायचे. पण मी पडले शाळेतली गणिताची बाई. आपल्याला सांगणारा चूक आणि आपण बरोबर, हे गृहीत धरूनच मी आयुष्य काढलं. मी म्हटलं, "देवाला तुमची फॅक्टरी शिकवू नका." आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षतांची चांगली मूठभर त्या दांड्यावर टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुमचं विमान डावीकडे कलायला लागलं.

तुम्ही म्हणालात, "परवापर्यंत सरळ जात होतं." मी म्हणाले, "परवापर्यंत तुम्हीही सरळ होता." हसलातसुद्धा. चार दिवस खटपट केलीत. सेटिंग बदललंत, तारा काढून पुन्हा लावल्यात. विमान धावपट्टीपर्यंत यायचं आणि शेवटच्या क्षणी डावीकडच्या गवतात जायचं. पाचव्या दिवशी मी भाजी निवडता निवडता निकाल दिला. "यंत्राला नावं ठेवू नका. हात थरथरतोय तुमचा. वय झालं."

तुम्ही संगणक बंद केलात. स्वतःचा उजवा हात समोर धरून बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत तुम्ही काय काय सोडलंत! स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. घरी दाढी करणं बंद केलंत आणि एक दिवसाआड कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन बसायला लागलात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात, आणि मी तो पुरावा म्हणून मोजला. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. तुम्ही मला येऊन सांगितलंत, "चांगला माणूस आहे, समजूत घालतो." मी तुम्हाला तेव्हा का नाही हटकलं? कारण डॉक्टरपेक्षा मी बरोबर आहे, हे मला आवडलं होतं. नात्यात, सोसायटीत, तुमच्या मित्रांना, जो भेटेल त्याला मी सांगत सुटले, "यांचा हात गेला हो." मार्गशीर्षात, दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता तुम्ही गेलात. हृदयानं दगा दिला, हातानं नाही. तुमच्या मांडीवरचा पेपर जराही चुरगळला नव्हता.

या महिन्यात मी घर आवरायला घेतलं. दांडा इक्बालभाईंना द्यायचा ठरवलं. कारखान्यात ते तुमच्या शेजारच्या टेबलावर उपकरणं दुरुस्त करायचे, आणि तुमच्या या थेरांना उत्तेजन देणारे ते एकटेच. पण चालत नसलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही, हा आपल्या घरचा नियम. म्हणून मी स्वतः ती लावून बघायला बसले. हसू नका.

आधी संगणक दांड्याला ओळखच देईना. मी त्याची वायर त्या चार तोंडांच्या स्वस्त जोडणीत खुपसली होती. मग थेट संगणकाच्या मागच्या बाजूला लावली तेव्हा त्याचा दिवा लागला. माहितीपुस्तकात बारा भाषा, मराठी नाही, आणि ज्या आहेत त्यांतही ज्याला आधीच येतंय त्यालाच कळावं अशा बेतानं लिहिलेलं. दांडा आपल्याकडे ओढला की विमानाचं नाक वर जातं, हे मला अर्धा तास यंत्राची चूक वाटत होतं. वेगाची पट्टी उलटी लागली होती, पुढे ढकलली की विमान थांबायचं. ते सुलटं केलं. तीन सकाळी त्यात गेल्या. वर्गात इतका वेळ लावणारी मुलं मला फळ्यापाशी उभी करून ठेवायला आवडायचं.

चौथ्या दिवशी विमान उडालं. आणि डावीकडे कललं.

मला आधी समाधानच वाटलं, खोटं का बोलू? म्हटलं, माझाही हात म्हाताराच आहे. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आत काही सांडलंय का? चहा, सरबत?" मी म्हटलं, "आमच्याकडे यंत्रावर कोणी काही सांडत नाही." तो म्हणाला, "मग वापरणाऱ्याला येत नसेल," आणि फोन ठेवला. उद्धट माणूस. माझ्याच शाळेतला असावा.

तरी फोन ठेवायच्या आधी त्यानं एक गोष्ट सांगितली होती ती करून पाहिली. संगणकात एक जागा आहे, तिथे चौकोन दिसतो आणि त्यात एक अधिकचं चिन्ह. दांडा हलवला की चिन्ह हलतं, सोडून दिला की ते मधोमध यायला हवं. अगदी आपल्या आलेखाच्या आरंभबिंदूसारखं. मी दांडा सोडला. दोन्ही हात मांडीवर घेतले. चिन्ह मधल्या बिंदूच्या डावीकडे जाऊन बसलं आणि तिथेच राहिलं.

दांड्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

मी कितीदा तरी करून पाहिलं. गणिताच्या बाईला एकदा पुरलं असतं, पण पाहिलं. मग इक्बालभाईंना फोन केला.

ते आज सकाळी आले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि विचारलं, "वहिनी, उघडू का? वॉरंटी जाईल."

"वॉरंटी ज्याच्या नावावर होती तोच गेला. उघडा."

दांड्याच्या बुडाशी रबराची घडीघडीची गळपट्टी असते, दांड्याभोवती जरा सैलच. ती त्यांनी वर सरकवली, खालचे स्क्रू काढले, स्प्रिंग बाजूला केली. मग चिमट्यानं काहीतरी उचललं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता. टोकाला कुंकू वाळून काळपट लाल झालेलं. स्प्रिंगखालच्या चकतीत एका बाजूला अडकला होता, त्यामुळे दांडा पूर्ण सरळ उभाच राहू शकत नव्हता.

मग मीच सांगितलं. नवमीची पूजा, तुमचा धरलेला हात, माझी मूठ, सगळं.

इक्बालभाई स्क्रू गोळा करता करता म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो साळवीला, आण इकडे, खोलून बघू. ऐकलं नाही त्यानं."

"का?"

"बोलला, नको. ती म्हणते ना हात गेला, मग गेला असेल. तिचं गणित कधी चुकत नाही."

अहो, हे काय केलंत तुम्ही? चौतीस वर्षं ज्या बोटांनी कोणाचं मत ऐकून माप मान्य केलं नाही, ती बोटं माझ्या एका वाक्यावर निकामी ठरवलीत? भाजी निवडताना बोलले होते मी. तुमच्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. कारखान्यात कोणी असं मोघम सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा मोजायला लावलं असतंत. माझ्या बाबतीतच असा कसा आंधळा विश्वास ठेवलात? इतका राग आलाय मला तुमचा. आणि माझी मला किळस आलीय. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढली, आणि स्वतःची चूक माझ्याच कुंकवानं लाल होऊन वर्षभर तुमच्या टेबलावर पडली होती, तर मी तिच्यावर दर शनिवारी फडकं मारत होते.

इक्बालभाईंनी सगळं पुन्हा जोडलं. चिन्ह मध्यावर आलं. त्यांनी विमान उडवलं, खडकीवरून वळवलं आणि लोहगावला उतरवलं. या वेळी मी शेजारी बसून बघितलं. धावपट्टी समोर येते तेव्हा छातीत जरा धडधडतं, नाही? तुम्ही बोलवायचात ते यासाठी होतं होय?

दांडा त्यांनी नेला नाही. म्हणाले, उद्याची पूजा होऊ दे, मग बघू.

पूजा होईल. दांडा पाटावर असेल, मायक्रोमीटरच्या शेजारी, आणि दोन्हींच्या बाजूला एकेक झेंडू. अक्षता विळीला आणि मशीनला. तुमच्या खात्याचा नियम या घरात आता कायमचा.

मात्र तेवढ्यानं भागणार नाही, हे मलाही कळतं. पेपर तपासण्यात चूक झाली तर मी ते गुण खोडून शेजारी सही करायची, आणि वर्गात सगळ्यांसमोर सांगायची. म्हणून एक शब्द देते. ज्यांना ज्यांना मी तुमचा हात गेल्याचं सांगितलं, त्या प्रत्येकाला मी जाऊन सांगेन की हात शाबूत होता, चूक माझी होती. फोनवर नाही, तोंडावर. यादी केली आहे आणि ती लांब आहे, कारण मी उत्साहानं सांगत होते. पहिलं नाव सलूनवाल्याचं आहे. त्याच्या खुर्चीत तुम्ही दोन महिने हात मांडीखाली दाबून बसायचात, हे मी बाहेर भाजीवालीपाशी उभी राहून पाहत होते. उद्या दुकान उघडलं की आधी तिथे जाईन, आणि आत गिऱ्हाइकं असतील तर त्यांच्यासमोर सांगेन.

तुमची,
गणितात नापास झालेली,
सुमन