शाळेचं मागचं फाटक

कशेळे,
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ललिताताईस,
धाकट्या प्रबुद्धचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कानातलं मशीन पुन्हा बिघडलं हे कळलं. वाईट वाटलं, पण खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. फोनवर तू मला मधेच तोडतेस. पत्रात मला शेवटपर्यंत बोलू द्यावं लागतं.

सध्या मी एका मोठ्या कामात आहे. आपल्या नातीची, मनालीची, शाळा तुला माहीत आहे. फाटक उघडलं की पाच पावलांवर डांबर. आपल्या वेळी त्या रस्त्याने दिवसाला चार एसट्या आणि बाकी म्हशी जायच्या. आता मुरबाडकडचे डंपर, भरलेल्या जीपा, आणि शनिवारी फार्महाऊसला निघालेल्या मुंबईच्या गाड्या. शनिवारी अकराला शाळा सुटते आणि नेमकी तीच त्यांची यायची वेळ. साडेतीनशे मुलं एकदम बाहेर पडतात. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो.

मी गतिरोधकासाठी बांधकाम खात्याकडे अर्ज केला. पॉवरहाऊसमध्ये चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलेला माणूस, अर्ज चार पानी झाला. त्यात रस्त्याचा इतिहास, वाहनांची मोजणी, लोकशाहीतल्या बालकाचं स्थान, सगळं घातलं. साहेबांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि फार नम्रपणे विचारलं की काका, तुम्हाला नक्की काय हवंय? तेव्हा लक्षात आलं, गतिरोधक हा शब्दच लिहायचा राहिला होता. दुसऱ्या अर्जात तो लिहिला. मंजुरीला वेळ लागेल म्हणाले.

तोवर मीच गतिरोधक झालोय. कर्जतहून शिट्टी आणली, पॉवरहाऊसचं पिवळं हेल्मेट माळ्यावरून काढलं, आणि शाळा भरताना-सुटताना रस्त्यावर उभा राहतो. तुझी भावजय रूपा म्हणते, लांबून भोपळ्यासारखे दिसता. मुलं शिट्टीबाबा म्हणतात. परवा एका गाडीवाल्याने काच खाली करून रिसॉर्टचं पार्किंग कुठे ते विचारलं. पण गाड्या थांबतात, ताई! मी हात वर केला की थांबतात. चौतीस वर्षांत माझ्या शब्दाने एक पंखासुद्धा थांबला नव्हता.

दाजींना जयभीम. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
प्रबुद्ध


खालापूर,
३० नोव्हेंबर २०२४

चि. प्रबुद्धास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून ह्यांना ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. हेल्मेटचा फोटो पाठवू नकोस, ह्यांची तब्येत अलीकडे नाजूक असते.

पण चेष्टा बाजूला. तू एक गाडी थांबवतोस, तिच्या मागची कोण थांबवणार? समोरची कोण? तू एकटा आहेस आणि रस्त्याला बाजू दोन आहेत. मुलं तुझ्या शिट्टीच्या भरवशावर राहिली तर स्वतः बघायचं विसरतील.

मला आठवतंय त्याप्रमाणे शाळेची मागची भिंत वाल्मिकच्या शेताला लागून आहे. शेताच्या बांधावरून साठ-सत्तर पावलं गेलं की गावातली गल्ली. तिथे भिंतीत एक फाटक केलं तर पोरांना मोठ्या रस्त्यावर पाऊल ठेवायलाच नको. हे तुलाही सुचलं असणार. तुझ्या चार पानांत मात्र ते नसणार, कारण वाल्मिककडे तू जाणार नाहीस. एका बाकावर बसून शिकलेल्या मित्राने लेकीच्या लग्नाची पत्रिका प्रेमाने पाठवली, आणि तू ती लाल पेनने तपासून, खाली 'एकूण चुका सात' लिहून परत पाठवलीस. नऊ वर्षं तो तुझ्याशी बोलत नाही. मी असते तर नव्वद वर्षं बोलले नसते.

रूपाला आणि मनालीला आशीर्वाद. जिवाला जप.

तुझी,
ताई


कशेळे,
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्षर मनालीचं आहे, मजकूर माझा. घाबरण्यासारखं काही नाही. न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कर्जतला प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे राहील. चूक साबणाची.

पत्रिकेबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. चुका सात नव्हत्या, आठ होत्या. एक मी मैत्रीखातर सोडली होती.

आणखी एक बातमी. शाळेने सव्वीस जानेवारीला माझा सत्कार ठरवला आहे. शाल, श्रीफळ वगैरे. कशासाठी ते सविस्तर पुढे कळवीन. सध्या जास्त सांगवत नाही, हात ठणकतो.

मुलीसारखं मनापासून लिहून देणाऱ्या नातीला तुझे आशीर्वाद असावेत.

तुझा,
प्रबुद्ध

ता. क. आत्याआजी, मी मनाली. आजोबा चहा प्यायला गेलेत म्हणून पटकन लिहिते. ते न्हाणीत पडले नाहीत. शनिवारी शाळेसमोर पडले. जोरात मोटरसायकल आली, त्यांनी ऋतिकाला मागे ढकललं आणि मोटरसायकलचं हँडल त्यांना लागलं. ऋतिका म्हणजे वाल्मिकआजोबांची नात, माझ्याच वर्गात आहे. तिचे फक्त गुडघे खरचटले. सगळं गाव आजोबांना हिरो म्हणतंय. तरी ते तुम्हाला खोटं का सांगतायत ते मला कळत नाही. ते नीट जेवत पण नाहीत. आणि शेवटची ओळ त्यांनी सांगितली नव्हती, मी घातली.


खालापूर,
२१ डिसेंबर २०२४

चि. प्रबुद्धास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या न्हाणीत मोटरसायकली कधीपासून यायला लागल्या?

मनालीवर रागावू नकोस, घरात एक तरी खरं बोलणारं हवं. बोटं रोज हलवत राहा. हात गळ्यात नीट अडकव. बोटं निळी किंवा गार पडली तर लगेच डॉक्टरकडे जा.

आता ऐक. तुला मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. तू केलेलं चांगलं काम लपवणारा माणूस नाहीस. शाळेत पेन्सिल सापडली तर ती परत केल्याचं तू गावभर सांगायचास. मुलीचा जीव वाचवलास आणि बहिणीला साबणाची गोष्ट सांगतोस? यात काहीतरी आहे.

तुला कधी सांगितलं नाही. दवाखान्यात नोकरीला असताना एकदा रस्त्यावरून एक मुलगी आणली होती, मनालीएवढीच. तिचं दप्तर माझ्याकडे दिलं. डबा तसाच भरलेला होता, पोळी आणि गूळ. तिच्या आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यानंतर शाळा सुटायच्या वेळी मी कधी दारात उभी राहिले नाही. म्हणून विचारते. काय झालं ते मला लिही, जमेल तसं.

तुझी,
ताई


कशेळे,
२७ डिसेंबर २०२४

ताई,
जयभीम.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस. हे मनालीला सांगता येण्यासारखं नाही.

त्या शनिवारी जीप थांबली. गाडी थांबली की मला राजासारखं वाटतं. खोटं कशाला सांगू. मी ऐटीत मुलांकडे वळलो आणि हाताने खुणावलं, चला या. थांबलेल्या जीपच्या बाजूने मोटरसायकल पुढे येत होती. मी बघितलंच नाही. ऋतिका सगळ्यांच्या पुढे होती. माझं ती सगळ्यात आधी ऐकते.

ढकललं हे खरं. पण तिला रस्त्यावर बोलावलं मीच.

आता शाल देतायत. चौतीस वर्षं लॉगबुकात दुसऱ्यांच्या चुका वेळेसकट नोंदवल्या. ही एक माझी, ती कुठेच लिहिली नव्हती. आज तुला लिहिली.

प्रबुद्ध


खालापूर,
३१ डिसेंबर २०२४

चि. प्रबुद्धास,
खूप खूप आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. तुझं इतकं चांगलं पत्र याआधी कधी आलं नव्हतं.

वाल्मिककडे जा. सत्काराच्या आधी जा. भाषण लिहून नेऊ नकोस. उजवा हात मोडलाय हे त्या दृष्टीने बरंच झालं. मला सांगितलंस तेवढंच सांग आणि गप्प राहा. गप्प राहणं तुला अवघड जाईल, पण जमव. मागच्या फाटकाबद्दल त्या दिवशी चकार शब्द काढू नकोस. माफी मागायला गेलेल्या माणसाने पदरात काही पाडून घ्यायचं नसतं.

वाट बघते.

तुझी,
ताई


कशेळे,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ताईस,
धाकट्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उजवा हात सुटला आहे. तेव्हा हे पत्र लांबणार, चष्मा पुसून बस.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी घरातच फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी रूपाने चप्पल दारात नेऊन ठेवली. तिला सगळं ठाऊक असावं. वाल्मिक शेतात वालाच्या शेंगा बघत होता. मला पाहून उभा राहिला नाही. मी बांधावर उभ्याउभ्याच सांगितलं की ऋतिकाला मीच बोलावलं, मागची गाडी बघितली नाही. एवढंच. मग तुझी आज्ञा आठवून तोंड मिटलं.

तो किती वेळ शेंगाच चाचपत राहिला. मग म्हणाला की मला म्हाईत हाय. पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, शिट्टीबाबांनी बोलावलं म्हणून गेले. पहिल्या रात्री तुझं दुसरं मनगट मोडायला निघालो होतो, आनंदीनं दार अडवलं. तेव्हापासून तीन आठवडं बघतोय, तू आमच्याकडं येतोस का शाल घेतोस. ताई, मी बांधावरच बसलो. त्याच्या बायकोने, आनंदीबाईंनी, घरातून कोरा चहा आणून दिला. मी गेल्या नऊ वर्षांत त्या घरचा चहा प्यायलो नव्हतो. पत्रिकेबद्दलही मी माफी मागितली. त्यावर तो म्हणाला, ते ऱ्हाऊ दे, ते मला अजून माफ करायचं नाय.

त्या दिवशी फाटकाचा विषय काढला नाही. चार दिवसांनी पुन्हा गेलो आणि विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी वीस वर्षं उशिरा आलोय. म्हणाला, ती भिंत मी रोज बघतो. बांधावरनं पोरं गेली तर माझं काय जातंय? पण इचारायला कोणी आलंच नाय, आणि मी होऊन सांगायला जाऊ, तर तिथं शिट्टी घेऊन तू उभा. म्हणजे माझ्या हेल्मेटमुळे पोरांची वाट अडली होती!

मुख्याध्यापिका विनिता मॅडमना मी सगळं सांगितलं आणि सत्कार नको म्हणालो. त्या म्हणाल्या की सत्कार नको तर नको, पण हेच मुलांना सांगा. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभं राहून मी साडेतीनशे मुलांना सांगितलं की तुमच्या शिट्टीबाबाची चूक झाली होती, आणि कुणीही मोठ्या माणसाने या म्हटलं तरी आधी दोन्ही बाजू स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. भाषण दोन मिनिटांत संपलं. गावातले लोक घड्याळाकडे बघायला लागले, त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. ऋतिका पहिल्या रांगेत होती. ती हसली. मला नाही हसता आलं.

पुढच्याच रविवारी पालकांनी मिळून मागची भिंत फोडली, फाटक बसवलं आणि बांधावर मुरूम टाकला. वाल्मिकची एकच अट होती. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागेल ती त्याच्या हातची आणि त्यात मी बोट घालायचं नाही. पाटी लागली. तिच्यावर लिहिलंय, 'मुले येत आहेत. सावकाष जा.' तो माझ्या शेजारी उभा राहून पाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. ताई, मी खोकलो. फक्त खोकलो. त्याने पाठीवर थाप मारली, ती जरा जोरातच मारली.

गतिरोधक अजून मंजुरीतच आहे.

सोमवारी नवीन फाटक सुरू झालं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण संध्याकाळी पाय आपोआप जुन्या जागी गेले. पुढच्या फाटकाला कुलूप होतं. शाळा सुटल्याची घंटा झाली. मी सवयीने रस्त्याच्या कडेला सरसावून उभा राहिलो. इमारतीच्या मागून मुलांचा गलका आला आणि शेताकडे लांब लांब जात गेला. समोरून एक डंपर आला, त्याच्या नेहमीच्या वेगाने. मी हात वर केला नाही. डांबरावर एकही मूल नव्हतं. वीस मिनिटं तिथे होतो, एकसुद्धा आलं नाही. कामावरून काढलेल्या माणसाला इतका आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता.

दाजींना जयभीम. तुझा रागही असू दे आणि मायाही असू दे, मला दोन्ही लागतात.

तुझा,
प्रबुद्ध