तोफेचा अर्धा फेरा

आबा, तुमची तोफ अजून चालते. लांबलचक नळी रानाच्या पार टोकापर्यंत ओढत न्यायची, मग चाकांवरचा तो मोठा ड्रम ती हळूहळू गुंडाळत जातो आणि नळीच्या तोंडाशी बसवलेली तोफ गोल फिरत, पाणी फेकत मागे सरकते. तेव्हा गाव पाहायला जमायचं आणि तुमची छाती फुगायची. पण बांधाशी आली की तुम्ही तोफेला लोखंडी कडी लावायचात, म्हणजे ती अर्धाच फेरा घेऊन परतायची. का, तर पलीकडे तुमच्या धाकट्या भावाचं रान! तेवढ्यावरही भागायचं नाही. वारा तिकडे वळला की धावत जाऊन मोटारच बंद. बांधालगतचा आपलाच मका दरवर्षी पिवळा पडायचा, तरी तुम्हाला चालायचं. धन्य आहे तुमची!

काकू तुमच्याशी बोलायची नाही, थोरल्या दिराशी, जेठाशी बोलायचं नसतं म्हणून. डोक्यावर पदर ओढून ती बांधावर उभी आहे, मागे तिची दादर ज्वारी वाळतेय, आणि ती मला सांगते, "तुना आबाले सांग, एक फेरा पुरा फिरू द्या." तुम्ही तिथेच, सगळं ऐकताय. तरी मलाच म्हणता, "तिले सांग, वाटनीमा पानी नव्हतं." मी परकरातली पोर, मी ते तिला सांगितलं. शब्द तुमचे, तोंड माझं. त्या साली तिची ज्वारी गेली. काका सुरतेला गिरणीत गेले, ते तिथेच वारले. मला तुमचा राग येतो आबा, अजून येतो.

गेल्या आठवड्यात मी ती कडी काढली. गंजली होती मेली, हातोडीने ठोकावी लागली. तोफ बांधाशी आली, पुरी फिरली आणि पाणी काकूच्या दादरवर पडलं. काकू आता वाकलीय. भिजतच बांधापाशी आली. तुम्ही बसायचात त्या निंबाखाली कुणी नव्हतं, तरी तिकडे बघून तिने पदर पुढे ओढला आणि मला म्हणाली, "तुना आबाले सांग, पानी उनं." पाणी आलं, एवढाच निरोप.

म्हणून हे लिहिलं. निरोप पोचवायची सवय तुम्हीच लावलीत. आता पाठवायचं कुठे? कागद तुमच्या पाने-पकडींच्या पेटीत टाकून देईन. एक मात्र सांगते. पाण्याने बांध ओलांडला, तेव्हा मोबाइलवरून मोटार बंद करायला माझा अंगठा आपोआप गेला होता.